टाकीतली झाडं आणि आबांचा हात

तीन फुटांची काचेची टाकी आमच्या घरात आली ती माझ्या हट्टामुळे. आबांसाठी वगैरे आणलेली नव्हती. ते पुढे आपोआप घडलं, त्याचं श्रेय मी घेत नाही. न्हावा शेव्याच्या बंदरात माझं काम कंटेनरच्या कागदांचं. आलेला माल आणि त्याचे कागद जुळतात का, हे दिवसभर बघायचं. घरी आल्यावर ज्याला कागद लागत नाहीत असं काहीतरी बघावंसं वाटायचं. सोसायटीतलं एक कुटुंब पुण्याला निघालं, त्यांनी टाकी बुटक्या स्टँडसकट देऊन टाकली. करंजाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये ती मावेल अशी एकच जागा होती, दिवाणाच्या उजव्या अंगाला. दिवाण आबांचा.

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून येऊन त्यांनी वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून उभा जन्म कांद्याबटाट्याची पोती वाहिली. काम सोडलं आणि वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका आला. हलका आहे, असं डॉक्टर म्हणाले. पाय सावरला, वाचा सावरली, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. अंगठा बोटांना टेकेना. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायाम दिला, एका वाटीतले हरभरे चिमटीत धरून दुसऱ्या वाटीत टाकायचे. आबांनी दोन्ही वाट्या बाजूला सारल्या. "मी काय बारकं पोर हाय व्हय, हरभरं येचत बसाय?"

खरी अडचण जेवणाची होती. उजव्या हाताने घास उचलत नव्हता आणि डाव्या हाताने जेवणं त्यांना कमीपणाचं वाटे. शेवटी डाव्या हातात चमचा धरून, भिंतीकडे तोंड करून जेवायचे. पाहुणा आला की भूक नसायची. गावाकडे आत्याच्या नातीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. आत्या म्हणजे त्यांची एकुलती एक बहीण. तिने आग्रहाचा फोन केला तेव्हा आबा म्हणाले, "चार लोकांत डाव्या हातानं जिवू? मी न्हाय येत." आणि फोन माझ्या बायकोकडे दिला. लग्नाला तेव्हा चार महिने होते.

मी माझ्या टाकीत गर्क होतो. पनवेलच्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी माझं डोकं ताळ्यावर आणलं होतं. मला एक लालभडक झाड हवं होतं. तो म्हणाला, "ते सोडा. त्याला पाण्यात वेगळा गॅस सोडावा लागतो, कडक लाइट लागते. त्याच्या लाडापायी बाकीची सगळी मरतील. ज्यांना सारखंच पाणी आणि सारखाच उजेड चालतो, तीच एकत्र नांदतात." मग त्याने मागे लावायला लांब पट्ट्यांसारख्या पानांचं वॅलिस्नेरिया दिलं, मधल्या लाकडाला बांधायला जावा फर्न, आणि पुढे सावलीत वाढणारी तपकिरी पानांची क्रिप्टं. सोबत सहा गप्पी मासे. मी घरी येऊन तक्ता काढला, कुठलं झाड कुठे, किती इंचांवर, पाणी कुठल्या रविवारी बदलायचं, आणि फ्रिजवर चिकटवला. बायको म्हणाली, "झाडांचं पण क्लिअरन्स करताय का?"

महिन्याभरात वॅलिस्नेरियाने वाळूतून आडवे फुटवे सोडले आणि पुढच्या झाडांत घुसायला सुरुवात केली. मी कौतुकाने बघत होतो. आबा दिवाणावरून म्हणाले, "दाटी झालीया. इरळ कर." मी म्हटलं, आबा, हे शेत नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर पाण्यावर चार रोपं तरंगत होती आणि दिवाणावरची चादर ओली होती. माझा स्वभाव मुळात किरकिरा. मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. "ओरडू नका. त्यांनी उजवा हात घातलेला." डावा हात तिथवर पोचत नव्हता, म्हणून आबांनी डाव्या हाताने उजवा उचलून काठावरून आत सोडला होता. पाण्यात त्याचं वजन उरलं नाही. बाहेर न हलणारा हात आत हलला.

मग ते रोजचंच झालं. दुपारच्या चहानंतर आबा बनियनवर बसून फुटवे उपटत, पिवळी पानं खुडत, गोगलगायी वेचत. हरभरे वेचायला नकार देणारा माणूस तासभर गोगलगायी वेचायचा, आणि हे बोलून दाखवायची आमच्यात कुणाची हिंमत नव्हती. आठ आठवड्यांनी अंगठा पहिल्या बोटाला टेकला. एका रात्री त्यांनी आपण होऊन भाकरी उजव्या हाताने मोडली. अर्धा तुकडा तोंडात गेला, अर्धा बनियनवर पडला. पण त्या दिवशी भिंतीकडे तोंड नव्हतं. आत्याला फोनवर म्हणाले, "बगू. येईन म्हंतोय."

त्यानंतर आमच्या नोडचं, म्हणजे सगळ्या वसाहतीचंच, पाणी चार दिवस बंद झालं. सोसायटीने बोअरचं पाणी आणणारे टँकर मागवले. रविवारी मी टाकीतलं निम्मं पाणी काढून नवं भरलं, कारण तक्त्यात त्या रविवारी पाणी बदलायचं होतं. त्याच दिवशी दुपारी आबांनी पुढची क्रिप्टं उपटून कांद्याच्या रोपांसारखी चार-चार बोटांच्या अंतरावर नव्याने लावली. बुधवारी पानं काचेसारखी पारदर्शक झाली. गुरुवारी संध्याकाळी बघतो तर सगळ्या क्रिप्टांचा लगदा.

मी आबांवर ओरडलो. बायकोसमोर, आमच्या लहान मुलीसमोर. "कोणी सांगितलं होतं उपटायला? प्रत्येक ठिकाणी आपलं शहाणपण. आता हात लावू नका याला." माझ्या बापाला मी असं बोललो. त्यांनी पंच्याला हात पुसला, एकेक बोट नीट पुसलं, आणि हात मांडीवर ठेवला. मी लगदा मुळांसकट उपटून पिशवीत भरला.

शनिवारी ती पिशवी घेऊन दुकानात गेलो, नवी रोपं आणायला. दुकानदाराने आत बघितलं आणि कपाळाला हात लावला. "मुळं पण काढली? अहो, क्रिप्ट आहे हे. पाणी बदललं की पानं गाळतं, मूळ जिवंत असतं. महिन्यात परत फुटलं असतं. कुठलं पाणी घातलं?" मी म्हटलं, टँकरचं. तो म्हणाला, "मग झालं की." मी विचारलं, झाड हलवल्यामुळे नाही होत? "थोडं होतं. पण एवढा लगदा? ते बोअरचं जड, क्षारांचं पाणी आहे, एका दमात अर्धी टाकी भरलीत तुम्ही."

घरी आलो ते बोलायचं ठरवूनच आलो. पण आमच्या घरात मुलगा बापाला माझं चुकलं म्हणत नाही. म्हणजे तशी काही मनाई नाही, कोणी कधी म्हटलेलं नाही इतकंच. मी आडवळणाने प्रयत्न केले. त्यांनी खुडावीत म्हणून पिवळी पानं मुद्दाम तशीच ठेवली. फुटवे वाढू दिले. वॅलिस्नेरिया पाण्यावर पसरून खाली अंधार झाला. आबा बघायचे, जबडा आवळायचे, पण हात मांडीवरच. चमचा परत आला. भिंतही परत आली.

तीन आठवड्यांनी फिजिओथेरपीच्या बाई आल्या. आबांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "हे काय? गेल्या वेळी अंगठा टेकत होता. काय बंद केलंत?" आबा म्हणाले, "काय न्हाय." बायको माझ्याकडे बघत राहिली. त्या क्षणी मला माझी जितकी लाज वाटली तितकी पूर्वी कधी वाटली नव्हती. बाई गेल्यावर मी दिवाणाजवळ खाली बसलो.

"आबा, माझं चुकलं. तुमच्यामुळे नव्हतं झालं. पाणी मी टँकरचं घातलं होतं."

"मला ठावं हुतं," आबा म्हणाले. "आंघुळीला साबणाला फेस येत नव्हता त्या पाण्यात."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"त्वा ऐकलं असतंस?"

मग तेच म्हणाले, "कोपराला धर जरा." खांदाही आखडला होता, डाव्या हाताने उचलूनही तो हात आता काठापर्यंत जात नव्हता. मी कोपर धरून तो पाण्यात सोडला. एक पिवळं पान खुडायला त्यांना इतका वेळ लागला की माझ्या पायाला मुंग्या आल्या. पान चार वेळा निसटलं. मी मध्ये पडलो नाही.

लग्नाला तेव्हा महिनाही उरला नव्हता. आम्ही रोज बसायचो, मी कामावरून आल्यावर. हात सुधारला, पण गेलेले तीन आठवडे पूर्ण भरून निघाले नाहीत. अंगठा बोटाच्या जवळ येई, आणि तांदळाच्या दाण्याएवढा अलीकडे थांबे. गावाला निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, आबा, आपण शेवटच्या पंगतीला बसू, गर्दी नसते. ते म्हणाले, "पहिल्या बसायचं."

मांडवात पहिल्या पंगतीला आबा बसले आणि त्यांच्या उजव्या हाताला मी. वरणभात वाढला. त्यांनी उजव्या हाताने कालवला. पहिला घास वर जाताना अर्धा सांडला. समोरच्या रांगेतले त्यांच्या वयाचे दोघे बघत होते. मी माझ्या भातात मान घातली, मला तिथे बसवेना. आबा खाली पडलेलं तसंच ठेवून दुसऱ्या घासाला लागले. अर्धं पोटात, अर्धं पानाबाहेर, असं करत त्यांनी पान रिकामं केलं. आत्या भाताचं पातेलं घेऊन रांगेतून येत होती. आबांच्या पानासमोर ती थांबली, खालचं सांडलेलं तिला दिसलं आणि तिचे डोळे भरून आले. वाढू की नको, हे तिला कळेना.

"बगतीस काय," आबा म्हणाले, "वाढ की."