उन्हात न दिसलेला जाळ

स्पिरिटचा वास आला की मला औशातलं आमचं अंगण आठवतं. वडील लाकडाला पॉलिश करतात. त्या दुपारी कडक उन्हात ते एका नवरीला लग्नात द्यायच्या कपाटावर शेवटचा हात फिरवत होते. नवरीची मावशी कपाट बघायला आली. एवढ्या चकाकीला नजर लागेल, म्हणून तिनं पळीत कापूर पेटवून कपाटावरून ओवाळला आणि पळी खाली ठेवली, स्पिरिटच्या भांड्याशेजारी. स्पिरिटनं पेट घेतला, पण त्या उन्हात कुणाला काहीच दिसलं नाही. वडिलांनी कापडाचा बोळा भांड्यात बुडवला आणि ते ओरडले, "हात जळायलाय, हात!" मावशी हसली. "जाळ कुठं हाय, भाऊ? लई नाटकी तुम्ही!" जाळ मलाही दिसत नव्हता, पण त्यांच्या मनगटावरचे केस आक्रसत चाललेले दिसत होते. आईनं ओलं पोतं त्यांच्या हातावर दाबलं, तेव्हा मावशीचं हसू थांबलं. वडिलांची दोन बोटं अजूनही पूर्ण मिटत नाहीत. काल नांदेडला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, उन्हाच्या खिडकीपाशी आम्ही स्पिरिटचा दिवा लावला. "पेटलाच न्हाई की गं," म्हणत मैत्रिणीनं त्यात आणखी ओतायला स्पिरिटची बाटली उचलली. मी तिचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं पडदा ओढला. सावलीत निळी ज्योत शांतपणे जळत होती.