बसने येणाऱ्या ओव्हरी

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहीत. छापखान्यातून आलेले गठ्ठे पलंगाखाली ठेवलेले असत. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती त्यांच्यावर. 'निषेध' हा शब्द मला 'निसर्ग'च्या आधी वाचता आला. वडिलांचा एक नियम होता. साहेबाचं चुकलं तर पत्रकात लिहायचं, कामगाराचं चुकलं तर त्याच्या घरी जाऊन सांगायचं. हा नियम मी इतक्या वेळा ऐकला होता की तो मला पाठ होता. पाठ असलेल्या गोष्टींचा आपण फारसा विचार करत नाही.

दोन हजार चारच्या सुमारास मी कतारला आलो. दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या ऑफिसात ड्रॉइंगच्या प्रती काढणं आणि नोंदवून ठेवणं हे माझं काम. राहायला मात्र इंडस्ट्रियल एरियाच्या कडेला, गाववाल्यांच्या खोलीत. तिथे युनियन नव्हती आणि काढायला परवानगीही नव्हती. तेवीस वर्षांचा मी, डोक्यात वडिलांची भाषा आणि ती वापरायला जागाच नाही. मग मी ती क्रिकेटवर वापरली.

आमच्या तालुक्याची एक टीम होती. हिंदू, मुसलमान, खाडीच्या अलीकडचे, पलीकडचे, सगळे त्यात होते. दर शुक्रवारी सकाळी सव्वासहाला कामगारांच्या कॅम्पच्या मागच्या मोकळ्या मैदानात टेनिस बॉलची सोळा ओव्हरींची मॅच असे. नऊच्या आत ती संपवावीच लागे, कारण पुढे आंघोळी, कपडे आणि जुम्म्याची नमाज. आमची बॅटिंग चांगली होती. सुरुवातीचे दोन बॉलर ऑफिसात काम करणारे होते, रात्री झोपून ताजेतवाने येत आणि आपल्या चार-चार ओव्हरी नीट टाकत. एकाने चारच्या वर ओव्हरी टाकायच्या नाहीत असा नियम. म्हणजे पुढच्या ओव्हरी दुसऱ्यांनी टाकायच्या, आणि तिथेच आमचं वाटोळं होई.

कारण उरलेले तिघे बॉलर रास लफानला होते. गॅसच्या प्लांटवर गुरुवारची रात्रपाळी करून ते कंपनीच्या बसने परत येत. बस मैदानाच्या कडेला थांबे तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झालेली असत आणि समोरच्यांची नववी-दहावी ओव्हर चालू असे. तोपर्यंत त्यांच्या जागी दुसरी पोरं नुसती फिल्डिंग करत. बस आली की ते तिघे डबा-पिशवी माझ्याजवळ ठेवत, कारण मी स्कोअर लिहायला बसलेला असे, आणि तसेच मैदानात शिरत. पहिली बॅटिंग घेतली तरच हे जमत असे. समोरच्या टीमांनाही हे माहीत झालं होतं. टॉस त्यांनी जिंकला तरी ते हसत आम्हालाच बॅटिंग देत.

त्या हिवाळ्यात आम्ही सलग पाच मॅचेस शेवटच्या तीन-चार ओव्हरींत घालवल्या. जिंकत आलेल्या. एकदा समोरच्यांना शेवटच्या दोन ओव्हरींत पंचवीस हवे होते, त्यांनी तीन बॉल राखून केले. वाइड, नो बॉल, छातीच्या उंचीचे फुलटॉस. आमच्या बाजूचे चाळीस-पन्नास लोक पुठ्ठ्याचे खोके पसरून बसलेले असत, आठवड्यातला तो एक दिवस त्यांचा. बस वळणावर दिसली की कोणीतरी म्हणे, "आली रे. यल्ला, खोके आवरा." समोरचे लोक तर बसला टाळ्या वाजवत.

या तिघांत मुख्य होता एक पाइप फिटर, खाडीपलीकडच्या गावचा, वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणत असे. गावाकडच्या स्पर्धांत मी लहानपणी त्याचा यॉर्कर पाहिला होता. बॅट्समनच्या बुटाच्या टोकाशी बॉल पडायचा आणि मधली दांडी मागे जाऊन आडवी व्हायची. दोह्याला उतरलो त्या दिवशी विमानतळावर मला घ्यायला तोच आला होता. मला खोलीवर पोचवून त्याने स्वतःचं ब्लँकेट दिलं आणि आठवडाभर तो आपल्या खोलीत नुसती चादर पांघरून झोपला. हे मी नंतर दुसऱ्यांकडून ऐकलं.

आणि हाच माणूस आता फुलटॉस टाकत होता. वर त्याची एक सवय होती, ती लोकांच्या डोक्यात जाई. बसमधून उतरल्यावर तो आधी कडेच्या मलबाऱ्याच्या टपरीकडे जाई, करक चहाचा, म्हणजे तिकडच्या दाट दुधाच्या कडक चहाचा, ग्लास घेई, आणि तो दोन्ही हातांत धरून सीमारेषेवर उभा राही. पीत नसे. नुसता धरून उभा. कप्तान मैदानातून हाका मारतोय, मॅच हातातून चाललीय, आणि हा चहा धरून उभा. तीन-चार मिनिटांनी तो ग्लास तसाच खाली ठेवी आणि बॉल घ्यायला जाई. कप्तान एका गोदामाचा स्टोअरकीपर होता, शांत माणूस. पण तोसुद्धा एकदा म्हणाला, "चहाला ह्याला येळ हाय, रनअप मोजायला नाय."

हिवाळा सुरू होताना भाईने माझ्याकडे एक अर्ज मागितला होता. पुढच्या तीन महिन्यांच्या शिफ्टचा तक्ता डिसेंबरअखेरीस लागणार होता. गुरुवारची रात्र सोडून दुसरी कुठलीही रात्र द्या, एवढंच इंग्रजीत लिहून हवं होतं. फोरमन ऐकेल असं त्याला वाटत होतं, फक्त कागद हवा होता. मी लगेच हो म्हटलं. मग बसलो, दोन ओळी लिहिल्या, आणि मला माझंच लिहिलेलं आवडेना. एकट्याने आपल्यापुरतं मागणं ही मला विनवणी वाटली. अर्ज करायचा तर सगळ्या रात्रपाळीवाल्यांचा करू, त्यात बसमधला बंद एसी घालू, पिण्याचं पाणी घालू, विश्रांतीचे तास घालू, सगळ्यांच्या सह्या घेऊ. माझ्या डोक्यात तो अर्ज रोज वाढत होता. कागदावर दोनच ओळी होत्या. भाईने दोनदा विचारलं. मी म्हटलं, मोठं काहीतरी करतोय, थांब जरा. तो म्हणाला, इन्शाल्ला.

पाचवी मॅच गेली त्या दिवशी दुपारी मी पत्रक लिहिलं. त्याला अर्धा तासही लागला नाही. 'बंधूंनो' अशी सुरुवात, मग सवाल. पाच विजय कोणी विकले? घाम कोणाचा आणि फुलटॉस कोणाचे? 'आपण उन्हात उभे राहून धावा जमवतो आणि काही साहेब बसमधून उतरून आधी चहापान करतात. या चहापान मंडळाचा जाहीर निषेध.' नाव लिहिलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. शनिवारी ऑफिसच्या मशीनवर चार प्रती काढल्या. एक मेसच्या फळ्यावर लावली, एक किराणा दुकानाच्या काचेवर, एक टपरीत, एक पाण्याच्या कूलरजवळ.

ते पत्रक गाजलं. लोक एकमेकांना वाचून दाखवत होते. हिंदीवाल्यांना कोणीतरी अर्थ सांगत होतं, तेही हसत होते. मला रस्त्यात थांबवून लोक पाठीवर थाप मारत, 'पेपरवाले' म्हणून हाक मारत. आयुष्यात पहिल्यांदा माझं लिहिलेलं अनोळखी माणसं वाचत होती. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता. त्याच गडबडीत महिना संपला, तक्ता लागला, आणि अर्ज माझ्या ट्रंकेत दोन ओळींचाच राहिला.

पुढच्या शुक्रवारी बस आली तेव्हा सगळे उभे राहून ओरडू लागले, "चहापान मंडळ, चहापान मंडळ." बसमधले बाकीचे दोघे बॉलर मान खाली घालून मैदानात गेले. भाई शेवटी उतरला. त्याने टपरीकडे पाहिलं. तिथल्या भिंतीवर माझं पत्रक होतं, ते त्याला बसजवळून दिसत होतं. तो टपरीकडे गेला नाही आणि मैदानातही आला नाही. पिशवी खांद्याला लावून सरळ कॅम्पच्या रस्त्याने चालत गेला. कप्तानाने दोन हाका मारल्या. शेवटची ओव्हर कप्तानाने स्वतः टाकली. आम्ही हरलोच.

जुम्म्याची नमाज झाल्यावर मी त्याच्या खोलीवर गेलो. जाताना वाक्यं जुळवत होतो. टीका व्यक्तीवर नव्हती, वृत्तीवर होती, असलं काहीतरी. तो खालच्या बंकवर बसला होता, बाजूला ताटात खिचडी. चमचा त्याने मुठीत धरला होता, लहान मूल धरतं तसा. मी पाहतोय हे त्याच्या लक्षात आलं.

त्याने उजवा हात माझ्यासमोर धरला आणि बोटं मिटायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावर थांबली.

"रातभर नट आवळतो मी," तो म्हणाला. "सकाळी हात असा असतो. ग्लास धरला की जरा मिटतो. बॉल धरण्यापुरता."

त्याने हात मांडीवर ठेवला.

"तू लिवलंस ते खोटं नाय. फुलटॉस मीच टाकले. पण मी सकाळी कुठून येतो, ते तुला ठाऊक होतं."

मी अर्जाबद्दल बोलायला लागलो. आज लिहितो, उद्या स्वतः रास लफानला येतो, फोरमनला भेटतो. त्याने मला मधेच थांबवलं. तक्ता लागलाय, आता तीन महिने खलास, म्हणाला. आणि मला जेवायचं विचारलं. मी नको म्हटलं तरी अर्धी खिचडी दुसऱ्या ताटात वाढून माझ्यापुढे ठेवली. मी ती खाल्ली. त्या वेळी माझ्या हातात चमचा नीट बसतोय याची मला लाज वाटत होती.

परतताना मी चारही पत्रकं काढली. शुक्रवार हा वडिलांना फोन करायचा नेहमीचा दिवस होता. केला. पत्रकाची हकीकत त्यांना मी आठवड्याच्या मधेच फोन करून अभिमानाने सांगितली होती, तेव्हा ते नुसतं हूं म्हणाले होते. आता त्यांनी विचारलं, घरी गेला होतास का त्याच्या? मी म्हटलं, गेलो होतो, नंतर. ते पुन्हा हूं म्हणाले.

मी तो अर्ज लिहिला. सहा ओळींत मावला. कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरकरवी फोरमनकडे पोचवला, उत्तर आलं नाही. मॅच तास-दीड तास उशिरा सुरू करावी म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना भेटलो. ते म्हणाले, मग नमाजेच्या आधी आटोपणार नाही, आणि एका टीमसाठी सगळ्यांनी का थांबायचं. त्यांचंही चूक नव्हतं. मग मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात 'बंधूंनो' नव्हतं, सवाल नव्हते. पाळी किती वाजता सुरू होते, किती वाजता सुटते, बसमध्ये किती वेळ जातो, उतरल्यावर किती मिनिटांत पहिला बॉल टाकावा लागतो, आणि फिटरचा हात सकाळी कसा असतो, एवढंच. लोकांनी दोन ओळी वाचल्या आणि पुढे गेले. एकजण मला म्हणाला, या खेपेला मजा नाय आली. चार दिवसांनी मेसच्या फळ्यावर त्याच्यावर टेलिफोन कार्डाची जाहिरात चिकटवलेली होती.

भाई पुन्हा खेळला नाही. कप्तान दोनदा बोलवायला गेला, तिसऱ्यांदा गेला नाही. मी त्याच्या खोलीवर जात राहिलो. तो चांगला बोलायचा, गावचं विचारायचा, चहा द्यायचा. क्रिकेटचं मात्र आमच्यात काही निघत नसे. शुक्रवारी आठ वाजून दहा मिनिटांनी बस येई, तो उतरे आणि मैदानाकडे न बघता चालत जाई. आता कोणी ओरडतही नसे. आम्ही हरत होतोच. फक्त आता कोणाला दोष द्यायचा ते कळत नव्हतं, म्हणून खोके पसरणारे लोकही कमी होत गेले.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी बस थांबलेली असताना कोणीतरी मारलेला चौका माझ्या खुर्चीजवळून गडगडत रस्त्याकडे गेला. मी वही ठेवून धावलो. बॉल त्याच्या पायाशी जाऊन थांबला होता. त्याने वाकून तो दोन्ही हातांनी उचलला. मैदानात आमचा विकेटकीपर हात वर करून उभा होता, स्टंपच्या मागे, तिथून पन्नास पावलांवर. गावाला असताना भाई एवढ्या अंतरावरून थेट दांडी उडवत असे, आणि ते पाहायला आम्ही पोरं मुद्दाम सीमारेषेवर बसत असू.

त्याने कीपरकडे पाहिलं. मग बॉल अंगठ्याने दाबून पाहिला, चालत माझ्यापर्यंत आला आणि माझ्या हातात ठेवला.

"टप्पा गेलाय ह्याचा," तो म्हणाला. "दुसरा घ्या."

आणि पिशवी खांद्यावर नीट करून तो कॅम्पच्या रस्त्याला लागला. मैदानातून लोक मला बॉल टाकायला ओरडत होते.