धड डोळ्यावरची पट्टी

हरणाबाईचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. दिवाळी झाली की आटपाडीच्या माळावरून कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परतायचं. आता मेंढरं सात उरली आहेत आणि गुडघे ऐकत नाहीत. मुलगा जोतिबा आणि सून तिकडं सेलमला, गलाईच्या दुकानात सोनं गाळायच्या भट्टीपाशी. त्यांची सहा वर्षांची अंकिता मात्र आजीजवळ, कारण भट्टीचा धूर तिला सोसत नव्हता.

अंकिताचा डावा डोळा नाकाकडं ओढलेला होता. शाळेतली पोरं तिला ‘चकणे’ म्हणून हाक मारायची आणि ती खुशाल ओ द्यायची. ते ओ देणं हरणाबाईला सोसलं नाही. पोरीला घेऊन तिनं मिरज गाठलं.

तिथल्या राजेश्वरी डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. डोळा नुसता वाकडा नाही, आळशी झालाय. सगळं बघायचं काम उजवा करतो, म्हणून मेंदूनं डाव्याकडं लक्ष देणंच सोडलंय. रोज सहा तास उजव्यावर पट्टी लावायची, म्हणजे डाव्याला काम करावं लागेल. चार महिन्यांनी ऑपरेशनचं बघू.

पहिल्याच दिवशी उजवा डोळा झाकलेली अंकिता मेंढरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर आपटली, ओठ फाटला. दुसऱ्या दिवशी ती भिंत धरून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी हरणाबाईनं आपल्या अकलेनं विचार केला. दवाखान्याच्या कागदावर बाजू लिहिताना कुणाची तरी चूक झाली असणार. तिनं पट्टी डाव्या डोळ्यावर लावली. पोरगी हसायला, पळायला लागली. पुढं चार महिने हरणाबाईनं एक दिवस चुकवला नाही, आणि त्याचा तिला अभिमान होता.

मिरजेला पुन्हा तपासणी झाली. आधी डाव्या डोळ्यानं तक्त्यावरच्या तीन ओळी वाचणारी अंकिता आता एकच वाचू शकली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पट्टी कोणत्या डोळ्यावर लावत होता? हरणाबाईनं डाव्याकडं बोट दाखवलं, तशी त्यांनी कागदावरचा ‘उजवा’ वाचून दाखवला.

“आवं, लंगड्या मेंढराचा धड पाय कोण बांधतं?” हरणाबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. बाहेर अजून चाळीस पेशंट होते.

“आजी, मोडलेल्या पायाला विश्रांती लागते. हा डोळा मोडलेला नाही, झोपलाय. तुम्ही त्याला चार महिने अंथरूण घालून दिलंत.”

“गेला का मग?”

“लहान आहे, अजून वेळ आहे. पण किती भरून निघेल, ते आज नाही सांगता येणार.”

घरी आल्यावर तिनं जोतिबाला फोनवर सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आये, आमी तिथं हाय कुठं तुला बोलायला?” तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतरचे सहा महिने उजव्या डोळ्यावर पट्टी. पोरगी ती ओरबाडायची, आजीला शिव्या द्यायची. हरणाबाई तिचे हात धरून बसायची, बाजरीतले खडे वेचायला लावायची. ओळी हळूहळू तिनावर आल्या, मग चारावर.

मग ऑपरेशन ठरलं. डोळा काही बाहेर काढत नाहीत, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बाहेरून सहा स्नायू त्याला धरून असतात. जास्त ओढणारा सोडवून जरा मागं शिवायचा, त्याच्या समोरचा आखूड करायचा. हरणाबाईला हे लगेच कळलं. मुक्कामाला ठोकायच्या पालाच्या दोऱ्या तिनं जन्मभर अशाच सैल केल्या, आवळल्या होत्या. पण यानं डोळा सरळ होईल, नजर वाढणार नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

दवाखान्यात शेजारच्या खोलीत हेच ऑपरेशन झालेले इस्लामपूरचे उदयसिंह होते, पंचेचाळिशीचे. मोठ्या माणसाच्या टाक्याचा दोरा काही वेळा सरकत्या गाठीवर ठेवतात आणि जागेपणी नजर बघून पक्का करतात. ते गाठ पक्की व्हायची वाट बघत बसले होते. म्हणाले, “मावशी, मी बायकोशी बोलायचो आन् शेजारीण उत्तर द्यायची. आता गावात भांडणं कमी हुतील.” हरणाबाई हसली. किती दिवसांनी, तिलाच आठवेना.

अंकिताचा डोळा सरळ झाला. लाली ओसरल्यावर गल्लीतल्या बायका बघून गेल्या, आता काढ की ती पट्टी म्हणाल्या. हरणाबाईनं दर एकीला सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि त्या गेल्यावर उजव्या डोळ्यावर पट्टी लावली.

अंकिताला उंबऱ्यात बसवून ती बोटं वर धरत मागं सरकत गेली. दहाव्या पावलापर्यंत पोरीनं बरोबर सांगितलं.

“आता किती?”

“दिसंना, आज्जे.”

गेल्या महिन्यातही दहाच होती. हरणाबाई एक पाऊल पुढं आली, गुडघे धरून तिथंच मातीत बसली आणि पुन्हा बोटं वर केली. पट्टी निघायला अजून पाच तास होते.