दुसऱ्या विमानाची काठी

माझी एक वाईट खोड आहे. कुणी घाई केली की मी मुद्दाम हळू होते. ही बाबांची देणगी. बडोद्याजवळ कोयलीच्या रिफायनरीत त्यांनी नोकरीभर टाक्यांतलं तेल मोजलं आणि घरीसुद्धा गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून बघितल्याशिवाय ते मोटर लावू देत नसत. आई वैतागायची. पुढे मी विमान चालवायला शिकायला गेले, तर सरांनी पहिल्याच दिवशी इंधन मोजायची काठी हातात दिली. मला हसूच फुटलं. इथेही काठीच!

छोट्या विमानाच्या इंधनकाट्यावर भरवसा ठेवायचा नसतो. शिडीवर चढायचं, पंखावरचं झाकण उघडायचं, कोरडी काठी तळापर्यंत सरळ बुडवायची आणि ओली खूण चटकन वाचायची, कारण बडोद्याच्या उन्हात पेट्रोल बघता बघता उडून जातं. प्रत्येक विमानाची टाकी वेगळी, म्हणून काठीही वेगळी.

त्या दिवशी माझी एकटीची लांबची फेरी होती. आखात ओलांडायचं, भावनगरवर वळसा घालायचा आणि न उतरता परत. ती झाली की लायसन्सच्या परीक्षेला बसायला मिळणार होतं. मी काठी बुडवली. भरपूर पेट्रोल! पण आत डोकावले तर ते चांगलंच खाली दिसत होतं. काठी फिरवून बघते तर काय, ती चार सीटवाल्या विमानाची. त्याची टाकी मोठी, म्हणून काठीवरचे आकडेही मोठे. आमच्या दोन सीटवाल्याची काठी कुणीतरी त्या विमानात टाकली होती आणि ते विमान वर चकरा मारत होतं.

"चाल ने हवे, चल ना आता," सर म्हणाले. "काटापण टाकी भरलेली दाखवतोय. भीती वाटत असेल तर सांग, पुढचीला बसवतो."

भीती? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बसवा खुशाल! आपली काठी आल्याशिवाय मी हलणार नाही."

बोलून तर गेले, आणि मग मागे बघितलं. पुढची मुलगी गॉगल लावून तयारच उभी होती. खरंच बसवलं तिला, तर माझी परीक्षा गेली!

सर रागाने बघत राहिले, पण थांबले. ते विमान उतरलं, इंजिन बंद झालं, तशी मी धावत जाऊन काठी आणली आणि दोन्ही पंखांतल्या टाक्या मोजल्या. पेट्रोल कमी होतं. सरांनी आणखी भरायला लावलं.

जाताना मजेत गेले. खाली आखाताचं गढूळ पाणी आणि वर मी मोठ्याने गातेय. परतताना मात्र वारा समोरून आला. बडोद्याजवळ पोचले तर आधी मोठं प्रवासी विमान उतरायचं होतं, म्हणून मला घिरट्या घालायला लावल्या. शेवटी उतरले.

सर स्वतःच शिडीवर चढले. दोन्ही टाक्यांत काठी बुडवली, पुसली, पुन्हा बुडवली. मग तिथूनच हळू आवाजात म्हणाले, "सकाळी जेवढं वाढवलं, त्याहून कमी उरलंय. ते भरलं नसतं तर तू इथवर आलीच नसतीस."

मी शिडी घट्ट धरली. पण तोंड कुठलं गप्प बसायला! "ते जाऊ द्या सर. परीक्षेला बसवताय की नाही, ते सांगा."

"बसवतो, माझे आई, बसवतो!"

मी जी आरोळी ठोकली, ती टॉवरमधल्या माणसांनीही ऐकली असेल.