लाभ, दोन, तीन

मागच्या हिवाळ्यात एक दिवस असा होता की कुणी माझ्यासमोर देवाचं नाव काढलं असतं तर त्याला मी चहासुद्धा विचारला नसता. आज मी हे लिहायला बसले आहे, पण म्हणून सगळं बरं झालं असं कुणी समजू नये. बरं काही झालेलं नाही. जे घडलं तेवढंच सांगते.

आमचे हे जवळा बाजारच्या धान्याच्या मोंढ्यात मापाडी. तीस वर्षं शेतकऱ्यांचा माल यांच्या तोंडून मोजला गेला. काटे इलेक्ट्रॉनिक झाले, तरी भरलेले कट्टे मोजताना यांचा आवाज मोंढ्याच्या फाटकापर्यंत ऐकू यायचा. त्या माणसाला एका सकाळी चप्पल घालता घालता लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नांदेडच्या दवाखान्यातून परत आलो तेव्हा काठीच्या आधाराने चार पावलं टाकता येत होती, पण तोंडातून फक्त ‘ब… ब…’ निघायचं. समजत सगळं होतं. कोण आलं, कोण काय म्हणालं, कुणी कीव केली, सगळं. समजत नसतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटायचं.

मी अंगणवाडीत शिकवते. लेकरांना बोलतं करणं हे माझं रोजचं काम, तेव्हा नवऱ्याला बोलतं करणं काय अवघड, असा माझा तोरा होता. अंगणवाडीतला अंकांचा तक्ता घरी आणून भिंतीला लावला. रोज दुपारी समोर बसायचं आणि म्हणायचं, “म्हणा, एक.” हे माझ्या ओठांकडे बघत राहायचे. कपाळाला घाम यायचा, मान थरथरायची, पण ‘एक’ काही यायचा नाही. पाच महिने हेच चाललं. एका दुपारी माझा तोल सुटला. तक्ता ओढून जमिनीवर टाकला आणि म्हणाले, “दोन वर्साचं लेकरू म्हणतंय हे. तुमाला येवढं येत न्हाई का?”

त्या दिवसापासून यांनी भिंतीकडे तोंड केलं. आमच्यासोबत जेवायला बसणं सोडलं. मी नंतर जाऊन चमच्याने पेज भरवायची, चार घोट झाले की दात मिटून घ्यायचे. ताटं दोनच वाढली जायची, माझं आणि लेकीचं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नाकातून नळी टाकावी लागेल. जगायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाला कसं जगवतात, हे कुठल्याच तक्त्यावर नव्हतं.

याच सुमाराला लेकीने मोबाइलवर एक उपचार शोधून काढला. एक्सोसोम म्हणतात त्याला. शरीरातल्या पेशी एकमेकींना अगदी बारीक पुड्या पाठवतात म्हणे, आणि त्यांत दुरुस्तीचा निरोप असतो. त्या पुड्या प्रयोगशाळेत वेगळ्या काढून नाकावाटे देतात, त्या मेंदूपर्यंत जातात आणि मेलेल्या भागाच्या आसपासचं सावरायला मदत करतात. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की यावर अजून अभ्यास चालू आहे, लकव्याच्या माणसाला किती गुण येतो हे सिद्ध झालेलं नाही, मी काही हे लिहून देणार नाही. ते खरं बोलत होते हे मला कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात आम्ही नाव नोंदवलं.

लेकीचा भरवसा त्या पुड्यांवर आणि माझा औंढ्याच्या नागनाथावर. मी नवस बोलले की दर सोमवारी अनवाणी चालत येईन. मागणं एकच, यांच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकू येऊ दे. चारचौघांत यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, घरात दोघंच असलो की मारायचे. तेवढंच हवं होतं. गाभाऱ्यात वाकून उतरावं लागतं, माझे गुडघे बोलायचे, पण मी उतरायची आणि पिंडीला हात लावून तेच मागायची.

पहिला डोस झाला आणि आम्ही वाट बघितली. काही नाही. दुसरा झाला त्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काही फरक जाणवतो का? मी यांच्याकडे बघितलं. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला गेलेला माझा हात यांनी डाव्या हाताने बाजूला सारला. परतीच्या जीपमध्ये मी मनातल्या मनात नागनाथाला सांगून टाकलं की आता माझा तुझा संबंध संपला. आणखी एक मनात आलं तेही लिहिते, कारण लपवून ठेवलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही. हे पहिल्याच दिवशी गेले असते तर सुटले असते, आणि मीही सुटले असते.

कनेरगाव नाक्यावर चहाला जीप थांबली. धाब्यासमोर यांना बाजेवर बसवलं. शेजारीच एक तांड्यावरची म्हातारी धाब्याच्या मालकाला हरभरा मोजून देत होती. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, समोर पोतं आणि हातात जुनी पायली. भरायची, वरून हात फिरवायची, ओतायची. “लाभ… दोन… तीन…” मध्येच मालकाने तिला काहीतरी विचारलं, दोघांची हरभऱ्याच्या ओलेपणावरून कुरबुर झाली. ती पुन्हा मापाकडे वळली आणि तिने सगळ्यांत जवळ बसलेल्या माणसाला, म्हणजे यांना, विचारलं.

“दादा, किती झाल्या वो? मी भुलून गेले.”

मावशी, त्यांना बोलता येत नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं.

“सात,” हे म्हणाले.

आवाज घोगरा होता, जीभ जड होती, पण सात म्हणजे सातच. म्हातारीला त्यात काही नवल वाटलं नाही. “व्हय, सातच,” म्हणून तिने पुढची पायली ओतली आणि हे तिच्यासोबत म्हणाले, “आठ.” मग नऊ. मग दहा. लेक चहा तिथेच ठेवून जवळ आली. मी पायाशी बसले, यांचे गुडघे धरले आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी म्हणाले, “अहो, आता म्हणा, एक.”

ओठ हलले आणि तिथेच अडकले. पुन्हा तोच घाम. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, मापावर कुणी एक म्हणतंय का? काहून त्यांना तकलीफ देऊन राहिल्या?” आणि तिने दुसऱ्या पोत्यासाठी पायली भरून यांच्यापुढे धरली.

“लाभ,” हे म्हणाले.

तीस वर्षांत या माणसाने मोजणी कधी ‘एक’पासून सुरू केली नव्हती. मापाची पहिली खेप म्हणजे लाभ, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पाच महिने मी यांना त्या दारातून बोलावत होते ज्या दाराने हे कधी गेलेच नव्हते, आणि येत नाहीत म्हणून रागावत होते. निघताना म्हातारीने पसाभर हरभरा यांच्या लुळ्या हातात ठेवला. मोजणाऱ्याचा असतो म्हणाली.

लेक म्हणते, औषधाचा गुण. नांदेडचे डॉक्टर म्हणतात, जन्मभर घोकलेले शब्द कधी कधी मेंदूत शाबूत राहतात, त्यांना वाट मिळाली, पुढचं सांगता येत नाही. मी दोघांशीही वाद घालत नाही. म्हातारीला मी पुढे एकदा शोधून भेटले. तिला हरभरा आठवत होता, आम्ही नाही.

यापुढे फार काही झालेलं नाही. रोज सकाळी मी यांच्यापुढे ज्वारी मोजते, हे आकडे म्हणतात. आकड्यांपलीकडे शब्द नाही. काही दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड असतं, आणि त्या दिवशी घर खायला उठतं. माझं नाव अजून आलेलं नाही, बहुतेक येणार नाही. सोमवारी औंढ्याला जाते, पण मागत नाही. देवालाही मी माझ्या ‘एक’पासून सुरू करायला लावत होते. आता म्हणते, तू जिथून सुरू करशील तिथून.

नाक्यावरून परतलो त्या संध्याकाळचं तेवढं सांगायचं राहिलं. मी चुलीपुढे दोन ताटं मांडली. हे काठी टेकत आले आणि दारात उभे राहिले. डावं बोट माझ्याकडे केलं आणि म्हणाले, “लाभ.” मग लेकीकडे, “दोन.” मग बोट खाली आलं. मला वाटलं, संपलं. तेव्हा यांनी तो हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला.

“तीन.”

मी फळीवरून तिसरं ताट काढलं.