परतीचं भाडं

गडचिरोली जिल्ह्यात सरकारनं दारू बंद केली, तवा दारूले काही लय वाईट वाटलं नाई. ती नदी उतरून चंद्रपूर जिल्ह्यात जाऊन बसली, एवढंच. या गोष्टीले पाच-सहा वर्सं झाली होती. वैनगंगेच्या अल्याड डोमाचं गाव, पल्याड चिंचेखाली देशीची भट्टी, अन् मधात डोमाचा डोंगा. सडकेनं जायचं तं पुलाचा लांब फेरा, अन् पुलावर पोलीस. म्हनून सांज पडली का गावचे पिनारे घाटावर येऊन उभे राहत. सोसायटीच्या मीटिंगले जे कधी वेळेवर आले नाई, ते इथी वेळेच्या आधी हजर.

डोमा जातीचा ढिवर. बापानं मासे धरले, आज्यानं मासे धरले, डोमाही धरे. पन मासा रोज भेटत नाई अन् पिनारा रोज भेटते. घाटावर एक रिवाज होता, कोनी पाडला कोनाले ठाऊक नाई. जातानाचं भाडं रुपयात, येतानाचं भाडं पेल्यात. भट्टीतून जो बाहेर निघे तो डोमासाठी एक पेला भरून आने. जितकी मानसं तितके पेले. म्हनजे ज्यानं सगळ्यात कमी प्यावी तोच सगळ्यात जास्त पिये, अन् वल्हं त्याच्याच हातात. हे कोनाले समजत नव्हतं असं नाई. पन चालून राह्यलं ना, मंग कोन बोलते?

ते बंद पडलं श्रावनात. डोमाची बायको इंदिराबाई पल्याड माहेरी मायले पाहाले गेली होती, ती लहानग्या पायलले घेऊन परत येत होती. डोंग्यात आनखी तिघं. एक लटारू गवंडी, ज्याचं तोंड थापीपेक्षा जास्त चाले. दुसरा हरिदास, ग्रामपंचायतीचा चपराशी, सोबत त्याची नवीकोरी सायकल. तिसरा पोचू, गुरं राखनारा, हातात काठी अन् तोंडात शब्द नाई. पानी चढलेलं होतं. डोमाच्या पोटात सगळ्यांचं परतीचं भाडं होतं.

मानूस झोपाले आडवा होते, डोमा उभ्यानं झोपला. डोंगा धारेत फिरला अन् काठ हाताशी आला असताना पालथा झाला. पोचूनं पायलची वेनी धरून तिले रेतीवर वढलं. लटारू एका हातानं पोहला, कारन दुसऱ्या हातात पव्वा होता. हरिदासची सायकल गेली ते गेलीच.

डोमाले यातलं काहीच आठवत नाई. त्याले आठवते ते थंड पानी, अन् मंग रेतीवर खोकलनारी पायल. इंदिराबाई तिची पाठ चोळत होती अन् नवऱ्याकडे पाहत नव्हती. शिव्या देल्ल्या असत्या तं त्याले बरं वाटलं असतं. पायलचा खोकला थांबला तशी इंदिराबाई उठली.

"या डोंग्यात मी आता पाय ठेवन तं तू शुद्धीवर असशील तवाच," ती म्हने. "अन् या जन्मात तं तो दिवस दिसत नाई मले."

ओल्या लुगड्यानं पोरीले कडेवर घेतलं, सडकेवर गेली, बस धरली, पुलाचा फेरा घेतला, अन् ज्या माहेराहून आत्ता आली होती त्याच माहेरी परत गेली.

मांगं चार मानसं रेतीवर निथळत बसली. हरिदास उठून उभा राह्यला. पंचायतीत ठराव ऐकून ऐकून त्याले साधं बोलताच येत नव्हतं.

"ठराव असा," तो म्हने, "का आजपासून डोमानं पिऊ नये. पिला तं आपन सारे मरू."

"अन् आपन?" लटारूनं इचारलं.

"आपल्याविषयी ठराव नाई."

"मंग माहं अनुमोदन," लटारू म्हने, अन् वाचवलेल्या पव्व्याचं झाकन फिरवलं.

 पव्वा डोमापुढं आला तवा पहिल्यांदा त्यानं तोंड फिरवलं. डोळ्यापुढं पोरगी खोकलून राह्यली होती.

सोडतो म्हननं सोपं. दुसऱ्या दिवशी डोमाच्या अंगाले असा कंप सुटला का पान्याचा लोटा तोंडापर्यंत जाईना. भिंतीवर मुंग्या नसताना तो मुंग्या झटके. तिघांनी त्याले बैलबंडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डाक्टरनं सलाईन लावली अन् इचारलं, "सोबत कोन आहे?" तिघंही पुढं झाले. डाक्टरनं वास घेतला अन् म्हने, "खाटा आनखी तीन आहेत." लटारू त्याचा राग वर्सभर धरून होता.

घरी आनल्यावर पोचू डोमाच्या ओसरीतच निजे. लटारूची बायको रोज सकाळी पेज पाठवे, अन् निरोपही पाठवे का माहा मानूस सुधरत नाई तं निदान दुसऱ्याचा सुधरू द्या. महिन्याभरात डोमाच्या हातात वल्हं राहू लागलं.

आता घाटाचा कायदा बदलला. परतीचं भाडं पेल्यात नाई, खर्ऱ्यात. पल्याड गेलं का दोघं भट्टीत जात अन् एकानं डोमाजवळ डोंग्यात बसायचं, पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत. आतला एक बाहेर आला का मंगच पाळीवाल्यानं आत जायचं. लटारूची पाळी असली का तो पाच मिनिटात भट्टीकडे बोंबले, "आबे, निघा ना बाहेर! मी काय जीव सोडू इथी?" म्हनून जास्त पाळ्या पोचूच्याच गळ्यात पडत. पोचूनं तरकीब काढली होती. डोमाची नजर भट्टीकडे वळली का पाठीत काठीचं टोक टोचायचं. बोलाचं काम नाई. आत जायची त्याची पाळी येईपर्यंत भट्टी बंद होऊन जाय. बऱ्याच दिवसांनी पोचूच्या ध्यानात आलं का आपन तं पिऊनच नाई राह्यलो. त्याले लय राग आला. पन आता सवय गेली होती.

डोमाले वास येत नव्हता असं नाई. वारा चिंचेकडून आला का जिभेले पानी सुटे, हात वल्ह्यावर आवळे. तवा तो भट्टीच्या बाजूनं जानाऱ्या पायवाटेकडे पाहत बसे. तीच वाट इंदिराबाईच्या माहेरी जाय. चालत गेलं तं एक खर्रा संपेपर्यंत घर. पन काय तोंडानं जावं?

"मी जातो," एक दिवस लटारू म्हने. "वहिनीले सांगतो, डोमा सुधरला."

"पिऊन जाशील?" डोमानं इचारलं.

"इतक्या नाजूक कामाले कोरड्यानं कसं जाऊ?"

गेला. इंदिराबाईच्या आंगनात खुंट्याले धरून उभा राह्यला अन् म्हने, "वहिनी, डोमानं सोडली. एक थेंब नाई. मी गवाह."

"बरं," इंदिराबाई म्हने. "आधी गाईचा खुंटा सोड, मंग गवाही दे."

परत येऊन लटारूनं सांगितलं का वहिनी पिघळली आहे.

दिवाळी झाली अन् डोमाच्या सुधरन्याची बातमी भल्या मानसाईपर्यंत पोचली. सुगंधाबाई गावातल्या महिला मंडळाची मुखत्यार. बाई सच्ची होती, तिच्यामुळं गावातल्या कितीक घरी सांजची चूल पेटे. तिनं शाळेपुढं मंडप टाकला, डोमाले शाल पांघरली, नारळ देल्ला, टाळ्या वाजवल्या. अन् टाळ्या थांबल्यावर म्हने, "डोमाभाऊ, तुमी दारू सोडली, आता पिनाऱ्याइले नेनं सोडा. दोन्ही कसं चालंल?"

इतक्या लोकांपुढं शाल पांघरलेला मानूस काय म्हनन? डोमा हो म्हनला. बायांनी डोंग्याले साखळी लावली, कुलूप लावलं अन् चाबी नेली.

झालं. डोमा आता गावातला आदर्श मानूस होता अन् त्याले करायले काहीच काम नव्हतं. घाटावर कोनी येईना. खर्रा घोटाले कोनी नाई, पाठीत टोचाले कोनी नाई. पोचू गुरं घेऊन दूर रानात गेला होता. डोमा ओसरीत शाल घेऊन बसे. अशा चांगल्या शालेत त्याले जितकं एकटं वाटलं तितकं भट्टीच्या दारात कधी वाटलं नव्हतं.

एका दुपारी तो उठला अन् गावाच्या टोकाच्या एका घरी गेला. तिथी मोहाची दारू भेटे. घरवाला सत्कारात सगळ्यात जोरात टाळ्या वाजवून आला होता. त्यानं इचारलंही नाई, पेला भरून ठेवला. डोमानं एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. पुन्हा उचलाले हात नेला, अन् तेवढ्यात दारात लटारू.

लटारू काही त्याले शोधत आला नव्हता. डोंगा बंद झाल्यावर सारे पिनारे इथीच येऊन राह्यले होते. त्यानं डोमाले पाह्यलं, पेला पाह्यला. पेला उचलला, एका दमात रिकामा केला अन् दानकन् ठेवला.

"तुह्यासाठी आनखी किती पिऊ बे मी?" तो ओरडला. डोळ्यात पानी होतं, मोहाची कडक होती म्हनून म्हना. "चल उठ! शाल पांघरून मराले बसला का?"

दंड धरून त्यानं डोमाले सुगंधाबाईच्या घरापर्यंत वढत नेलं. हरिदासही आला. बाई धान पाखडत होती.

"बाई, डोंगा सोडा," हरिदास म्हने.

"शरम नाई वाटत? पियाले डोंगा मांगता?"

"आमी तं डोंग्याबिनाही पिऊन राह्यलो. इचारा याले, आज कुठी भेटला हा मले," लटारू म्हने.

डोमा मान खाली घालून बोलला. "एक घोट घेतला, बाई. तुमी शाल देल्ली, पन सांजचा टाइम नाई कटत. हे लोक माह्याजवळ बसत. तुमी त्याइची बसायची जागाच बंद केली."

सुगंधाबाईचं सूप थांबलं.  दारू सोडवाले तिनं मोर्चे काढले होते, ठानेदाराशी भांडली होती. पन दारुड्यांनी दुसऱ्याची दारू राखावी, हे तिच्या हिशोबात कुठीच बसत नव्हतं. शेवटी तिनं कंबरेची चाबी काढली.

"पोटात आनान ते तुमचं नशीब," ती म्हने. "बाटलीत एक थेंब अल्याड आला तं डोंगाच फोडीन. रोज घाटावर बसून मी पाहीन."

"ठराव मंजूर," हरिदास म्हने.

"अन् तू गप्प राह्य."

थंडीत गावची मंडई, म्हनजे जत्रा, भरली. पाळने, मिठाई, रातीले नाटक, अन् आजूबाजूच्या गावचे पाहुने. डोमा दिवसभर पाहुने आनून राह्यला होता. दिवस कलताना तो पल्याड गेला. लटारू अन् हरिदास मंडई आहे म्हनून जरा लवकरच चिंचेखाली गेले होते. पोचू काठी घेऊन डोंग्यात बसला होता. अन् पायवाटेवर इंदिराबाई उभी होती, बगलेत गाठोडं, हाताले पायल.

डोमा पान्यात उतरला. ती पुढं आली अन् म्हने, "तोंड उघड."

त्यानं उघडलं. तिनं वास घेतला अन् नाक मुरडलं. "खर्रा!"

"परतीचं भाडं आहे."

"लटारू म्हने, तवापासून एक थेंब नाई."

डोमाले हो म्हनता आलं असतं. पोचू तं काही बोलनारा नव्हता. "लटारू पिऊन होता," तो म्हने. "मधात एक घोट घेतला मी. साखळी होती तवा. बाकीचा त्यानं पिला."

इंदिराबाई त्याच्याकडे पाहत राह्यली. श्रावनापासून पहिल्यांदाच पाहून राह्यली होती. मंग तिनं लुगडं जरा वर खोचलं अन् डोंग्यात पाय ठेवला.

पायल मात्र काठावरच. दोन्ही हातानं गाठोडं धरलेलं.

"चल ना वो पायल," पोचू म्हने. तो बोलला हेच लय झालं.

"नाई. बाबा झोपन."

  डोमाले लोकांनी शाल देल्ली, डाक्टरनं सलाईन देल्ली, पन या पोरीले द्यायले त्याच्याजवळ काही नव्हतं. पोचूनं थोडा इचार केला अन् आपली काठी पोरीपुढं धरली.

"झोपला का असा टोच," तो म्हने, अन् डोमाच्या पाठीत टोक खुपसून दाखवलं. डोमा उडाला. पायलनं काठी घेतली, टोक पारखलं, अन् डोंग्यात येऊन बापाच्या बरोबर मांगं बसली.

लटारू अन् हरिदास झुलत आले. आज राखनीले घरचेच लोक आहेत म्हटल्यावर दोघांनी कसर ठेवली नव्हती. लटारू डोंग्याच्या काठावर बसून वहिनीले सांगून राह्यला होता का मी गवाह होतो, मी गवाह होतो. प्रत्येक खेपेले तो पान्याकडे कले, अन् इंदिराबाई त्याची कॉलर धरून मांगं वढे. सारा वेळ तिचं ध्यान त्या कॉलरीवरच होतं. वल्ह्याकडे तिनं एकदाही पाह्यलं नाई.

अल्याडच्या काठावर सुगंधाबाई बाटल्या तपासाले उभी होती. मंडईचा भोंगा वाजत होता. डोंगा धारेत आला, श्रावनात डोमा झोपला होता त्याच जागेवर, अन् डोमाच्या पाठीत काठी बसली.

"जागा आहो," तो म्हने.

पुन्हा बसली, जरा जोरात.

"जागा आहो, माय, जागा आहो."