सबुरीचा सर्व्हर

आमच्या इस्पितळात सर्व्हर सांभाळणाऱ्याला आम्ही सबुरी म्हणायचो. कुठलंही काम सांगा, त्याचा पहिला शब्द तोच: "सबुरी, ताई." मी सोनोग्राफी करते आणि माझी जीभ तिखट आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्या यंत्रातले फोटो तळघरातल्या त्याच्या सर्व्हरवर जायचे. त्याला इतका वेळ लागायचा की बाहेर बाकांवर बायका ताटकळायच्या. "तुझ्या सर्व्हरला काठी आणून देऊ का?" असं मी त्याला रोज टोचायचे. शेवटी भर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलले.

त्या आठवड्यात त्यानं सर्व्हरच्या सेटिंग्ज बदलल्या. फोटो आधी डिस्कवर उतरवायचा आणि मगच "मिळाला" असं माझ्या यंत्राला कळवायचं, अशी जुनी शिस्त होती. आता सर्व्हर आल्या आल्या "मिळाला" म्हणू लागला. फोटो मेमरीत राहायचा आणि सवडीनं डिस्कवर उतरायचा. काम वाऱ्यासारखं पळू लागलं. मी खूश होऊन त्याला चहा पाजला.

तीन आठवड्यांनी भरदुपारी वीज गेली, बॅटरीनंही दगा दिला आणि मेमरीतलं सगळं पुसलं गेलं. सर्व्हरनं "मिळाला" म्हटलं की माझं यंत्र आपल्याकडची प्रत काढून टाकतं. अकरा जणींचे फोटो गेले. दहा जणींना बोलावून पुन्हा तपासलं. अकरावीचं बाळ दुसऱ्याच दिवशी पोटातच दगावलं. फोटोंचा त्याच्याशी संबंध नव्हता, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. पण ऑपरेशननंतर ती शुद्धीवर येईपर्यंत बाळाला नेलं होतं. तिनं ते पाहिलंच नाही.

महिन्याभरानं ती फोटो मागायला आली. सर्व्हरवरच्या यादीत तिचं नाव, तारीख, वेळ, सगळं जागच्या जागी होतं. उघडलं की नुसती काळी चौकट. "तांत्रिक अडचण आहे," हे साहेबांनी पढवलेलं उत्तर मी दिलं. ती पुढच्या महिन्यात आली. त्याच्या पुढच्याही.

सबुरीनं सेटिंग्ज केव्हाच पूर्ववत केल्या होत्या, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नळ बंद करून तो पुन्हा बघायला जातो, असं त्याची बायको सांगायची. मुलीनं अभ्यास झाला म्हटलं, की तीनतीनदा विचारायचा, "खरंच झाला?" कामावर आला की आधी ती काळी चौकट उघडायचा. एकदा मी तळघरात गेले, तर पडद्याला नाक लावून बसलेला.

"आत्ता काहीतरी हललं, ताई," तो म्हणाला.

मी त्याला चांगलंच झापलं आणि वर येऊन बाथरूममध्ये रडले.

चौथ्यांदा ती आली, तेव्हा तो तळघरातून वर आला. तोंड उघडलंस तर नोकरी जाईल, असं साहेबांनी बजावलं होतं. तो तिच्यासमोर बसला.

"फोटो आता मिळणार नाही, ताई. सर्व्हर जोरात चालावा म्हणून मी सेटिंग बदलली, त्यात तो गेला. दोष यंत्राचा नाही, माझा आहे."

तिनं विचारलं, "किती जोरात चालला?"

"एका फोटोमागे चार सेकंद वाचत होते."

"माझी कुठे तक्रार होती?" ती म्हणाली. "त्या दिवशी मी दोन तास बाकावर बसले होते. अजून बसले असते."